आचार्य प्रफुल्लचंद्र राय : विद्या, उद्योग आणि दान

प्राध्यापक, कारखानदार आणि दाता या तीन भूमिका एकाच आयुष्यात क्वचितच एकत्र येतात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या ठिकाणी त्या एकत्र आल्या आणि अखेरपर्यंत टिकल्या. त्यांना जोडणारे सूत्र त्यांच्या इतिहासलेखनात सापडते.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी तत्कालीन जेसोर जिल्ह्यातील, आज बांगलादेशात असलेल्या राडुली या गावी जमीनदार घराण्यात झाला. कलकत्त्यात शिक्षण घेऊन गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर ते १८८२ साली एडिंबरोला गेले व १८८७ मध्ये तेथील डॉक्टर ऑफ सायन्स झाले. १८८८ साली ते मायदेशी परतले. परंतु शिक्षणखात्यातील वरच्या जागा बहुधा इंग्रजांसाठीच राखलेल्या असत. वर्षभराच्या प्रतीक्षेनंतर, १८८९ मध्ये, प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली.

सुशिक्षित बंगाली तरुणांची सारी धाव कारकुनीकडे होती आणि औषधे मात्र विलायतेहून येत होती. म्हणून १८९२ साली अप्पर सर्क्युलर रोडवरील राहत्या घरीच, काही शे रुपयांच्या भांडवलावर, त्यांनी बंगाल केमिकलचा पाया घातला. खाटकांकडील हाडे आणून ती गच्चीवर वाळवायची, जाळायची आणि त्यांच्या राखेपासून फॉस्फेट काढायचे, असे उद्योग कॉलेज सुटल्यावर चालत. सहकारी डॉ. अमूल्यचरण बोस १८९८ मध्ये प्लेगला बळी पडले, तरी काम थांबले नाही. १९०१ साली या उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. पुढे ‘परशुराम’ या नावाने बंगाली विनोदी कथा गाजविणारे राजशेखर बसू हे १९०३ पासून याच कारखान्यात होते.

या काळातच राय संस्कृत रसग्रंथांची हस्तलिखिते वाचीत होते. फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांच्या प्रोत्साहनाने घडलेल्या त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध झाला. हाताने करावयाची कामे हीन ठरून जातिव्यवस्थेत खालच्या थरांकडे गेली, बुद्धिजीवी वर्गाचा त्यांच्याशी संबंध तुटला आणि म्हणून प्रयोगशील विज्ञान खुंटले, असे त्यांचे निदान होते. पदवीधरांना भट्टीपाशी उभा करणारा त्यांचा कारखाना हा या निदानावरील प्रत्यक्ष उपचारच होता.

संपत्तीविषयी त्यांची वृत्ती विरक्ताची होती. कलकत्त्यात त्यांचे शेजारी असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी गांधीजींना त्यांचा परिचय करून दिला, तो असा : पगार ८०० रुपये, त्यातले ४० स्वतःपुरते, बाकीचे लोककार्याला. ते आजन्म अविवाहित राहिले. १९१६ पासून ते विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक होते. तेथील एक खोली हेच त्यांचे घर. साठाव्या वर्षापासून, म्हणजे १९२१ पासून, १९३६ साली निवृत्त होईपर्यंतचा सर्व पगार त्यांनी विद्यापीठालाच दिला. १९२२ च्या उत्तर बंगालमधील महापुरात लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या मदतकार्याचे नेतृत्वही त्यांचेच होते.

१६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. १९८० साली कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांनी ठरविलेले काही ग्रंथांचे काळ पुढील संशोधनाने बदलले. परंतु विद्येने श्रमाकडे पाठ का फिरविली, हा त्यांचा प्रश्न भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. कारण रसग्रंथांप्रमाणेच आपली कितीतरी वाङ्मयपरंपरा कारागिरांच्या हातांतून आलेली आहे.