कथुलूचा बाप: एच. पी. लव्हक्राफ्ट आणि फाशांच्या खेळातला अंधार

१५ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट आतड्याच्या कॅन्सरने वारला. वय ४६. गाठीला पैसा जवळपास नव्हता, मूलबाळ नव्हतं. हयातीत पुस्तकरूपाने आलेली त्याची एकच कथा होती, तीही छपाईच्या चुकांनी भरलेली आणि दोनशेच्या आसपास प्रती बांधल्या गेलेली. आज मात्र टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांमध्ये त्याचा कथुलू ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल.

हे खेळ ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली एकेक भूमिका घेतात आणि अवघड प्रसंगी काय होणार ते फासे टाकून ठरतं. १९७४ मध्ये आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार लोकप्रिय झाला. तलवारी, जादू आणि खजिना हा त्याचा पाया. त्यात जी काळी, अस्वस्थ करणारी छटा पुढे मिसळत गेली, तिचा मोठा भाग या एका माणसाच्या आयुष्यातून आलेला आहे.

एकच दवाखाना, दोन मृत्यू

लव्हक्राफ्टचा जन्म २० ऑगस्ट १८९० चा. वडील फिरते विक्रेते होते. मुलगा तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा १८९३ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात त्यांचं मानसिक संतुलन बिघडलं. त्यांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटलमध्ये ठेवलं गेलं आणि तिथेच १८९८ मध्ये ते गेले. आजार बहुधा सिफिलिसचा शेवटचा टप्पा होता. मुलाला मात्र घरात वेगळंच काही सांगितलं जाई.

सांभाळ केला तो आजोबांनी. त्यांच्या मोठ्या घरात भरपूर पुस्तकं होती आणि नातवाला गोष्टी सांगायची त्यांना हौस होती. १९०४ मध्ये ते वारले, व्यवसाय बुडाला, घर गेलं. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात तेव्हा आत्महत्येचे विचार येत होते. खगोलशास्त्रज्ञ व्हायचं त्याच्या मनात होतं, पण १९०८ मध्ये तो असा काही कोलमडला की शाळाच पूर्ण झाली नाही. ब्राउन विद्यापीठ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि ते तसंच राहिलं. पुढची काही वर्षं तो जवळजवळ घरातच कोंडून होता. १९१४ मध्ये हौशी पत्रकारांच्या एका संघटनेत शिरला तेव्हा कुठे त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध आला.

१९१९ मध्ये आईलाही बटलर हॉस्पिटलमध्येच दाखल करावं लागलं आणि दोन वर्षांनी एका शस्त्रक्रियेनंतर ती तिथेच गेली. आपल्या रक्तातच काहीतरी बिघडलेलं आहे आणि एक दिवस ते वर येणार, ही भीती लव्हक्राफ्टच्या कथांमध्ये पुन्हा पुन्हा का येते, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

न्यूयॉर्कची दोन वर्षं

३ मार्च १९२४ रोजी त्याने सोनिया ग्रीनशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, ज्यू, आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेली आणि स्वतःच्या पायावर उभी होती. दोघं ब्रुकलिनमध्ये राहू लागले. लवकरच तिचं बस्तान विस्कटलं, नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली आणि लव्हक्राफ्ट रेड हुक वस्तीजवळच्या एका खोलीत एकटा उरला. त्याला नोकरी कोणी देईना. पाव, चीज आणि डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढायचे. त्यात खोलीत चोरी होऊन अंगावर घालायचे सूटही गेले.

आजूबाजूला जगभरातून आलेले स्थलांतरित होते. लव्हक्राफ्टला त्यांची किळस यायची. काळ्या लोकांबद्दल, ज्यूंबद्दल, आशियाई लोकांबद्दल त्याने लिहिलेला मजकूर आजच्याच नव्हे, त्या काळच्या मापानेही टोकाचा आहे. ज्यू बायकोच्या घरात राहून तो हे लिहीत होता. काळच तसा होता, असं म्हणून त्याचे चाहते बराच काळ हा विषय टाळत आले, पण ते खरं नाही. रेड हुकवरच्या त्याच्या कथेत राक्षस नंतर येतात, भीतीचं खरं कारण शेजारी राहणारी माणसंच आहेत.

एप्रिल १९२६ मध्ये तो प्रॉव्हिडन्सला परतला. लग्न तिथेच संपलं, जरी घटस्फोटाच्या अंतिम कागदावर त्याने सही केलीच नाही. आणि त्याच उन्हाळ्यात त्याने 'द कॉल ऑफ कथुलू' लिहिली. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या शहरात एक अवाढव्य जीव झोपला आहे. माणसाचं बरंवाईट त्याच्या खिजगणतीतही नाही. तो जागा झाला की आपलं सगळं संपलं. 'वीअर्ड टेल्स' मासिकाने ती आधी परत पाठवली आणि मग फेब्रुवारी १९२८ च्या अंकात छापली. लव्हक्राफ्टचं पोट या कथांवर कधीच भरलं नाही. इतरांच्या कथा दुरुस्त करून देणं हा त्याचा धंदा. जादूगार हुडिनीच्या नावावर छापलेली एक कथाही त्यानेच लिहिली होती. उरलेला वेळ पत्रांत जाई. त्याने आयुष्यात लाखभर पत्रं लिहिली असावीत असा अंदाज आहे. कोनानचा लेखक रॉबर्ट हॉवर्ड हा याच पत्रांतला मित्र. शेवटच्या आजारपणातही हातात पेन धरवेना तोवर तो दुखण्याची रोजनिशी ठेवत होता.

अंधाराला गुण कसे द्यायचे?

त्याच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डरलेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री या दोन मित्रांनी १९३९ मध्ये खास त्याच्या कथांसाठी 'आर्कम हाउस' ही प्रकाशनसंस्था काढली. ती नसती तर लव्हक्राफ्ट जुन्या मासिकांच्या रद्दीत गेला असता. पण डरलेथने स्वतः त्या विश्वात कथा लिहिताना चांगले देव विरुद्ध वाईट देव अशी मांडणी केली. लव्हक्राफ्टच्या जगात चांगली बाजू नव्हतीच.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने सुरुवातीला असंच सोपं रूप उचललं. १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात गॅरी गायगॅक्सने प्रेरणास्थानांच्या यादीत लव्हक्राफ्टचं नाव दिलं. १९८० मध्ये देवदेवतांच्या पुस्तकात कथुलू आला, तोही प्राणशक्तीच्या आकड्यासकट. आकडा आहे म्हणजे तो शून्यावर आणता येतो, म्हणजे कथुलू मारता येतो! हक्कांच्या प्रश्नामुळे पुढच्या छपायांतून ते प्रकरण काढलं गेलं.

खरा बदल १९८१ मध्ये झाला. केऑसियम कंपनीने सँडी पीटरसनचा 'कॉल ऑफ कथुलू' हा खेळ आणला. यात खेळाडू योद्धे नसतात. प्राध्यापक, पत्रकार, ग्रंथपाल अशी १९२० च्या दशकातली साधी माणसं असतात. प्रत्येकाच्या कागदावर प्राणशक्तीशेजारी आणखी एक आकडा असतो: मनाचं संतुलन. भयंकर काही दिसलं की शंभरापर्यंतचे फासे टाकायचे. आकडा चुकला की संतुलनाचे गुण जातात, आणि एका झटक्यात पाच किंवा जास्त गेले तर त्या पात्राला वेडाचा झटका येऊ शकतो. यातली खरी मेख पुढे आहे. त्या गूढ शक्तींबद्दलचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी संतुलनाची कमाल मर्यादा खाली येते. इतर खेळांत अनुभवाने पात्र बळकट होत जातं, इथे जितकं कळतं तितकं ते आतून झिजतं. ज्याचे आईवडील एकाच दवाखान्यात संपले, त्याची भीती इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी पकडली असेल.

याच दशकात अमेरिकेत काही पालक आणि धार्मिक गट हे खेळ सैतानाची पूजा शिकवतात असा आरोप करत होते. दबावामुळे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत राक्षस आणि सैतान हे शब्द गाळले गेले आणि ते जीव पुढे 'टनारी' आणि 'बाटेझू' अशा नावांनी परतले. जुने शब्द २००० साली तिसऱ्या आवृत्तीत परत आले. तोवर वाद विझला होता. कथुलूचं तर मऊ खेळणं होऊन दुकानात आलं. मराठी प्रेक्षकांना 'तुंबाड'मधला (२०१८) हस्तर आठवत असेल. लव्हक्राफ्टच्या परंपरेत हास्तुर हे नाव आहे, आणि तेही त्याने आधीच्या लेखकांकडून घेतलेलं.

मग नको ते काय?

गेल्या पंधराएक वर्षांत प्रश्न बदलला. सैतानाची आता कुणाला फारशी अडचण नाही, अडचण आहे ती माणसांच्या चित्रणाची. एखादी जमात जन्मतःच दुष्ट कशी? वेड म्हणजे फासे टाकून हसण्याची गोष्ट कशी? २०२१ च्या 'रेव्हनलॉफ्ट' या भयपटासारख्या जगाच्या पुस्तकात वेडाच्या तक्त्यांऐवजी भीती आणि ताण यांचे नियम आले. खेळ सुरू करण्यापूर्वी कुणाला कोणता विषय नको आहे हे विचारून घ्यावं, असा सल्लाही त्यात दिला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्काराने लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याचं स्मृतिचिन्ह बंद करायचं ठरवलं. ते मिळालेल्या नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफॉर यांनी काही वर्षं आधीच त्याच्या वंशद्वेषाकडे बोट दाखवलं होतं.

लव्हक्राफ्टला खेळातून काढून टाकणं हा एक मार्ग होता. काळ्या वंशाचे गेम लेखक ख्रिस स्पिव्ही यांनी दुसरा घेतला. २०१७ मध्ये त्यांनी 'हार्लेम अनबाउंड' हे 'कॉल ऑफ कथुलू'च्या नियमांवर चालणारं पुस्तक काढलं. शहर न्यूयॉर्कच, काळही १९२० चाच, ज्यातून लव्हक्राफ्ट पळून गेला होता. फरक एवढा की तपास करणारी, घाबरणारी आणि झुंजणारी पात्रं इथे हार्लेममधली काळी माणसं आहेत, आणि कथुलूच्या आधी त्यांची गाठ पडते ती गोऱ्या शहराशी. २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती खुद्द केऑसियमने प्रकाशित केली.