बिल्ला नाकारणारा बालवीर

रत्नागिरीच्या घरी आजोबांच्या पेटीत बालवीर पथकाचे जुने कापडी बिल्ले सापडले आणि मला ते जमवण्याचा छंद जडला. आजोबांचा सर्वांत आवडता बिल्ला सार्वजनिक आरोग्याचा. माशा, डास रोग कसे पसरवतात आणि ते कसे थोपवावेत, हे शिकल्यावाचून तो मिळत नसे. त्या बिल्ल्यांचा माग काढताना मला पंडित हृदयनाथ कुंझरू भेटले.

१८८७ साली जन्मलेले कुंझरू १९०९ मध्ये नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले. गोखले आपल्याच जिल्ह्यातील कोतळूकचे. सरकारी बालवीर पथकांत सुरुवातीला हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. तेव्हा मालवीय, कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी १९१८ मध्ये सेवा समितीची बालवीर संघटना उभारली. १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाईड्स स्थापन झाली. तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त कुंझरूच.

मुलांना बिल्ले देणाऱ्या या माणसाने १९६८ मध्ये स्वतः भारतरत्न मात्र नाकारले. संविधान सभेत अशा किताबांना त्यांनी विरोध केला होता. तो शब्द त्यांनी पाळला. १९७८ मध्ये ते निवर्तले.

आता संग्रह उघडला की मी ओशाळतो. आजोबांनी शिकून मिळवलेला बिल्ला मी नुसताच जपून ठेवला आहे!