बालकवींना घरात घेणारे रेव्हरंड टिळक

गावच्या चर्चमध्ये कवितावाचनाची स्पर्धा असली की एखादं पोर घाबरत पुढं येतं, घडी घातलेला कागद उघडतं आणि एका दमात कविता म्हणून खाली बसतं. औराद, भालकी, आळंद असो की पलीकडचं उदगीर, उमरगा. अशा पोराला मन लावून ऐकणारं कुणीतरी लागतं. मराठीत अशा ऐकणाऱ्यांमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव फार वरचं आहे. लोकमान्य टिळक वेगळे, हे टिळक वेगळे. हे स्वतः कवी, स्वतः पाळक आणि दुसऱ्याच्या कवितेवर जीव टाकणारे.

त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लहानपणीच गेली. घर सुटलं आणि पोरवयातच ते नाशिकला आले. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. याच पुढं लक्ष्मीबाई टिळक झाल्या. पण टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. कुठं शिक्षकी, कुठं कीर्तन-व्याख्यानं, तर नागपुरात संस्कृत ग्रंथांचं काम, असं चाललं होतं.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा साहेब भेटला. कवितेवरून सुरू झालेलं बोलणं धर्मावर गेलं आणि उतरताना त्यानं टिळकांच्या हातात बायबल ठेवलं. टिळकांनी ते वाचलं, त्यावर दोन वर्षं विचार केला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत घरानं मोजली. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपूरला बहिणीच्या आधारानं राहिल्या. नवरा-बायकोची ही ताटातूट सुमारे पाच वर्षं चालली. पुढं त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या. तरी सोवळं-ओवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक सुरूच होता. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातीची भिंत त्यांच्या मनातून हळूहळू पडली आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी धर्म बदलला, पण ओवी, अभंग, टाळ आणि कीर्तन सोडलं नाही. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं मराठी माणसाच्या काळजाला भिडत नाहीत, असं त्यांचं मत होतं. म्हणून ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणावर त्यांनी शेकडो भजनं लिहिली. मराठी चर्चमध्ये ती आजही गायली जातात. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. चर्चबाहेरच्या मराठी माणसानं त्यांना फुलामुलांचा कवी म्हणून आपलंसं केलं. दगड लागून घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली.

1907 मध्ये जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. ते भरवण्यात टिळकांचा मोठा वाटा होता. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथं धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरानं कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. ‘बालकवी’ हे नाव त्याला तिथंच मिळालं.

टाळ्या वाजवून लोक घरी जातात. टिळक मात्र या पोराला विसरले नाहीत. त्यांनी ठोंबरेंना नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. कमाई बेताची, त्यात टिळकांचा हात सढळ. तरी त्या घरात अनाथ पोरांना जागा होती आणि कवींनाही. थोडंफार वाचता येणाऱ्या लक्ष्मीबाईही इथंच कविता करू लागल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडून संन्यस्त वृत्ती धरली. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांनाही तिथं जागा होती. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस. त्यानंतर वर्षभरानं, 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढं लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातलं उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात गेलं. औराद, भालकी, हुमनाबाद दुसऱ्या राज्यात. घरात मराठी आणि शाळा-कचेरीत कन्नड, असं जगणारी पोरं इथं गावोगाव आहेत. त्यातलं एखादं मराठी कविता म्हणायला उभं राहिलं, तर बक्षीस देऊन भागत नाही. कार्यक्रम संपल्यावर त्याला जवळ बोलावून, नवं काय लिहिलंस, असं विचारणारं माणूस लागतं. जळगावच्या त्या पोराला असं माणूस भेटलं होतं.