संस्थापक बाबासाहेब

आपली तरुण मुले आता नोकरीची वाट न पाहता स्टार्टअप काढू लागली आहेत. चार मित्र, एक कल्पना, थोडे भांडवल. त्यांनी व्यवस्थापनाची पुस्तके जरूर वाचावीत. पण बाबासाहेबांचे चरित्रही त्या नजरेने वाचावे. घटनाकार बाबासाहेब आपण पाहतो, संस्थापक बाबासाहेब पाहायचे राहून जातात.

31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत ‘मूकनायक’ निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादकपदी नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे. त्याच जुलैमध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. 1923 साली ते परतले तोवर पत्राचा दम संपला होता. कळकळ होती, पण मागे काम पेलणारी यंत्रणा नव्हती.

पुढचे पाऊल वेगळे पडले. 9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली, 20 जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. रचना पाहा. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि कोषाध्यक्ष वेगळा. म्हणजे निर्णय एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे आणि दोघेही मंडळाला बांधील. 1925 च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरूही झाले.

वकिलीच्या धंद्यात मी धर्मादाय आयुक्तालयातील फायली चाळतो. आपल्याच संस्था, आपलेच दोन गट, आणि हिशेबाची वही कुणाकडे यावर वर्षानुवर्षे तारखा! विचारसरणीचे भांडण त्यात क्वचितच असते.

1927 चे ‘बहिष्कृत भारत’ बाबासाहेब जवळजवळ एकहाती लिहीत. तेही पैशाअभावी 1929 मध्ये थांबले. 1945 ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी मात्र टिकली. 1946 ला सिद्धार्थ कॉलेज, 1950 ला औरंगाबादचे महाविद्यालय. ते 1956 ला गेले, वर्ग चालू राहिले.

आणि जबाबदारी? हिंदू कोड बिल रखडले तेव्हा कायदामंत्री म्हणून खुर्चीला चिकटून राहणे सोपे होते. त्यांनी सप्टेंबर 1951 मध्ये राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये संसदेत ठरल्या वेळी निवेदन करू दिले नाही, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि राजीनाम्याची एकूण एक कारणे वर्तमानपत्रांतून लोकांपुढे ठेवली.