पॉल रोबसन

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन येथे ९ एप्रिल १८९८ रोजी पॉल रोबसन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जन्माने गुलाम होते. वयाच्या पंधराव्या वर्षी मळ्यातून पळून जाऊन ते मुक्त झाले व पुढे शिकून धर्मोपदेशक बनले. पॉल लहान असताना आई भाजून मरण पावली. वडिलांनीच त्यांना वाढवले.

१९१५ साली स्पर्धा परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवून पॉल यांनी रटगर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळी तेथे ते एकटेच कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. फुटबॉल संघात खेळण्याची त्यांची इच्छा होती. अमेरिकेतील हा फुटबॉल आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात आणि धावणाऱ्याला अंगावर झेपावून पाडतात. एखाद्याला इजा करायची असेल, तर निमित्त शोधावे लागत नाही. सरावाच्या पहिल्याच दिवशी गोऱ्या खेळाडूंनी त्यांचे नाक फोडले, खांदा निखळवला. दहा दिवस ते अंथरुणावर होते. बरे होताच ते पुन्हा मैदानावर आले. या वेळी एकाने खिळ्यांच्या बुटाने त्यांचा हात तुडवला. संतापलेल्या रोबसन यांनी पुढच्याच खेळीत चेंडू घेऊन आलेल्या खेळाडूला डोक्यावर उचलले. प्रशिक्षक सॅनफर्ड यांनी तत्काळ त्यांना संघात घेतले.

परंतु संघात घेणे आणि आपले मानणे यांत अंतर असते. १९१६ मध्ये दक्षिणेकडील वॉशिंग्टन अँड ली महाविद्यालयाने कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळण्यास नकार दिला. सॅनफर्ड यांनी तो हट्ट मानला आणि रोबसन यांना बाहेर बसवले. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. पुढे वेस्ट व्हर्जिनियाच्या संघानेही तशीच मागणी केली. या वेळी मात्र सॅनफर्ड यांनी ती धुडकावली आणि रोबसन खेळले.

१९१७ व १९१८ या दोन्ही वर्षी देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूंत त्यांची निवड झाली. बेसबॉल, बास्केटबॉल व मैदानी स्पर्धा यांतही ते महाविद्यालयाकडून खेळत. वक्तृत्व स्पर्धाही ते जिंकत आणि अभ्यासातही अग्रभागी असत. १९१९ च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने निरोपाचे भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला. ते ऐकायला वडील नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळत त्यांनी कायद्याची पदवी घेतली. वकिलीत मात्र कार्यालयातील लेखनिकेने कृष्णवर्णीयाने सांगितलेला मजकूर उतरवून घेण्यास नकार दिला, तेव्हा तो व्यवसाय त्यांनी सोडला. गायक व नट म्हणून ते जगप्रसिद्ध झाले. वर्णभेदाविरुद्ध ते उघडपणे बोलत आणि सोव्हिएत संघाविषयीची सहानुभूतीही लपवत नसत. त्यामुळे १९५० साली सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले. ते १९५८ मध्ये परत मिळाले. त्याच वर्षी त्यांची साठावी जयंती भारतातही साजरी झाली. पंडित नेहरूंनी या समारंभाला पाठिंबा दिला होता.

२३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे रोबसन यांचे निधन झाले. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्माननीय खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव समाविष्ट झाले ते १९९५ साली.