डॉ. वि. मा. घाटगे : भारतीय विमानाचे शिल्पकार

यंदाच्या चरित्रमालेसाठी आम्ही डॉ. विष्णू माधव घाटगे यांची निवड केली आहे. नौदलासाठी हलके जेट विमान आणि परदेशाला देता येईल असे भारतीय विमान, या गोष्टी आज आपल्याला नव्या वाटतात. पण त्यांची सुरुवात डॉ. घाटगे यांच्याच हातून झाली.

त्यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात, हसूरचंपू या लहानशा गावी झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील ग्योटिंगन येथे गेले. तेथे लुडविग प्रांटल हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर विमानाला कसा अडवतो, हे त्यांनीच प्रथम उलगडून दाखविले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली.

ते भारतात परतले तेव्हा येथे विमान बनविणारा एकही कारखाना नव्हता. १९४० साली सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी बंगलोर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना काढला आणि घाटगे तेथे रुजू झाले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग सुरू झाला. तेथेही त्यांनी शिकविण्याचे काम केले. विमान बनविण्याआधी विमान बनविणारी माणसे तयार करावी लागतात, हे त्यांच्या कार्यावरून आपल्याला दिसते.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान तयार झाले. १९५१ साली ऑगस्ट महिन्यात ते प्रथम उडाले. इंजिन १५५ अश्वशक्तीचे, बांधणी साधी, पण संपूर्ण आराखडा भारतीय! अशी दीडशेहून अधिक विमाने बनली. नव्याने स्थापन झालेल्या घानाच्या वायुसेनेलाही ती देण्यात आली.

पुढचे पाऊल म्हणजे ‘किरण’ हे जेट विमान. ४ सप्टेंबर १९६४ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात. पुढे त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत बंदुका व बॉम्ब बसविण्याची सोय झाली. आपल्या शहराजवळच्या दुंडिगल आणि हकीमपेट येथे वायुसेनेचे वैमानिक अनेक दशके ‘किरण’वर शिकले. नौदलानेही गोव्यात दाबोळी येथे ही विमाने वापरली. नौदलाच्या ‘सागर पवन’ या कसरती पथकाची विमानेसुद्धा ‘किरण’च होती. ३ मार्च २०१० रोजी बेगमपेटच्या प्रदर्शनात या पथकाचे एक विमान कोसळले आणि दोन वैमानिकांना वीरमरण आले. ही घटना अनेक पालकांना आठवत असेल. आकाशात चुकीला किती कमी जागा असते, हे अशा वेळी कळते. म्हणूनच विमानाचे गणित करणाऱ्याची जबाबदारी फार मोठी आहे.

१९६५ साली भारत सरकारने डॉ. घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळातली एक अडचण मात्र मागे राहिली, ती म्हणजे इंजिन. त्याच कारखान्यात जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली ‘मरुत’ हे लढाऊ विमान तयार झाले होते. त्याला हवे तेवढे शक्तिशाली इंजिन मिळालेच नाही, त्यामुळे त्याचा वेग कमी पडला. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ‘तेजस’ची नौदल आवृत्ती ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरविली. विमान आपले होते, पण त्यातले इंजिन अमेरिकेचे होते. देणारा देश थांबला की आपले कामही थांबते.

पालकांना आमची विनंती आहे की, मुलाने घरी एखादे जुने यंत्र उघडले तर लगेच रागावू नका. आणि विद्यार्थ्यांनो, हसूरचंपूचा मुलगा ग्योटिंगनला जाऊन शिकला आणि देशाचे विमान घेऊन उभा राहिला. इंजिनाचे काम अजून बाकी आहे. ते तुमच्यापैकी कोणी हाती घेतले, तर आमच्या शाळेला त्याहून मोठा आनंद नाही.