फ्रान्सिस मॅकमेकन

फ्रान्सिस हॉफर मॅकमेकन (इ.स. १८७९ - इ.स. १९३९) हे अमेरिकन भूलतज्ज्ञ, संपादक व संघटक होते. भूलशास्त्र व वेदनाशमन या विषयांनाच वाहिलेले पहिले वैद्यकीय नियतकालिक त्यांनी सुरू केले.

जीवन

मॅकमेकन यांचा जन्म ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे डॉक्टरांच्या घराण्यात झाला. १९०३ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविल्यानंतर ते भूल देण्याच्या कामाकडे वळले. त्या काळी अमेरिकेत ही स्वतंत्र विद्याशाखा मानली जात नसे. शल्यचिकित्सक हे काम बहुधा शिकाऊ डॉक्टरांवर किंवा परिचारिकांवर सोपवीत. १९०९ मध्ये त्यांचा विवाह लॉरेट यांच्याशी झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जडलेल्या तीव्र संधिवाताने त्यांचे सांधे आखडले, रुग्णसेवा सुटली आणि पुढील आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेले. इतरांच्या वेदना शमविणाऱ्या या डॉक्टरास स्वतःच्या दुखण्यावर उतारा मिळाला नाही. पत्रव्यवहार, प्रवास व सभांची व्यवस्था यांत लॉरेट यांचा वाटा एवढा मोठा होता, की यापुढील कार्य दोघांचे मिळूनच मानावे लागते.

संपादनकार्य

१९१४ पासून मॅकमेकन 'अमेरिकन जर्नल ऑफ सर्जरी' या नियतकालिकाची भूलशास्त्रविषयक त्रैमासिक पुरवणी संपादित करीत. पुरवणी झाली तरी ती शल्यचिकित्सकांच्याच नियतकालिकाची होती. भूलतज्ज्ञांना स्वतःचे व्यासपीठ नव्हते. १९१९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने नॅशनल ॲनेस्थेशिया रिसर्च सोसायटी स्थापन झाली व ऑगस्ट १९२२ मध्ये तिचे मुखपत्र 'करंट रिसर्चेस इन ॲनेस्थेशिया अँड ॲनाल्जेसिया' प्रसिद्ध झाले. 'ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया' त्यानंतर, १९२३ मध्ये निघाले. १९२५ मध्ये संस्थेच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द आला. हा बदल केवळ नावापुरता नव्हता. आजारपण असूनही मॅकमेकन दांपत्याने १९२६ मध्ये ब्रिटनचा आणि १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा करून तेथील भूलतज्ज्ञांशी संबंध जोडले.

परिचारिकांविषयीची भूमिका

भूल देण्याचा अधिकार डॉक्टरांनाच असावा, असा मॅकमेकन यांचा आग्रह होता व त्यासाठी त्यांनी ओहायोत कायदेशीर मार्गही अवलंबिला. १९१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली परिचारिकांना ही मुभा दिल्याने तेथे त्यांची बाजू पडली. या कामात अनेक परिचारिका निष्णात होत्या, ही गोष्ट त्यांच्या भूमिकेत फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

मॅकमेकन मृत्यूपर्यंत संपादकपदी होते. त्यांचे नियतकालिक 'ॲनेस्थेशिया अँड ॲनाल्जेसिया' या नावाने आजही दरमहा प्रसिद्ध होते.